आजार आपला, जोखीम कोणाची?



कल्पना करा की, आपण जुना जालना येथे राहता. कुंडलिकेच्या काठावरील या जुन्या वस्तीत आपले दोन खोल्यांचे घर आहे आणि औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात आपण क्रेन चालविता. भंगार वितळवून त्यापासून बांधकामाची सळई तयार करणारे जे कारखाने जालन्यात आहेत, त्यांपैकीच तो एक. भट्टीत वितळलेले लोखंड एका मोठ्या पात्रात ओतले जाते, ते पात्र आपल्या क्रेनच्या हुकाला लटकते आणि आपण ते सावकाश पुढे नेता. खाली आपलेच सोबती काम करीत असतात. त्यांत कोणी बिहारहून आलेला आहे, कोणी परतूरचा, तर कोणी आपल्याच मोहल्ल्यातील. आपला हात स्थिर राहील, या एका विश्वासावर ते निर्धास्त असतात.

दोन महिन्यांपूर्वी एका रात्री आपल्याला घरीच फिट आली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले. सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आजार बहुधा आटोक्यात राहील, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र आपण काय काम करता हे ऐकताच ते थांबले आणि म्हणाले की, उंचावर, आगीजवळ आणि चालत्या यंत्रावर तूर्त काम करू नका. ही गोष्ट घरात केवळ पत्नीला आणि आईला ठाऊक आहे. धाकट्या बहिणीचा निकाह ठरलेला आहे. क्रेन चालविणाऱ्याचा पगार साध्या मदतनीसापेक्षा अधिक असतो आणि त्याच भरवशावर सारी देणी ठरली आहेत. आई म्हणते, "बेटा, अल्लाहने झाकले आहे, तू कशाला उघडे करतोस?" मित्र म्हणतो, "मालकाने विचारले का? मग आपण होऊन सांगायचे कशाला?" आपण फजरची नमाज अदा करता, गोळी गिळता, डबा उचलता आणि पाळीवर निघता. वाटेत मनात एकच प्रश्न असतो : माझे हे मौन म्हणजे संयम आहे की विश्वासघात?

हा प्रश्न एकट्या क्रेन चालविणाऱ्याचा नाही. कोणाची मुलगी कार्यालयात नोकरी करते आणि मनाच्या उदासीनतेवर गोळ्या घेते. कोणाचे काका शाळेची गाडी चालवितात आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. कोणाची भावजय लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करते आणि तिला क्षयरोगाचे औषध सुरू झाले आहे. या सर्वांना कधी ना कधी ठरवावे लागते की, जो आपल्याला काम देतो त्याला हे सांगावे की नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे आणि क्रमाने विचार करू या.

औषध घेण्यात लाज नाही

पहिली गोष्ट ही की, आजारी असणे हा गुन्हा नाही आणि औषध घेणे हा ईमानचा दुबळेपणा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना उपचार करण्याची आज्ञा दिली आणि सांगितले की, वार्धक्य सोडले तर अल्लाहने असा कोणताही आजार ठेवलेला नाही ज्याचा उपाय त्याने ठेवला नाही. हदीसच्या ग्रंथांत हे कथन सुविख्यात आहे. हजरत अय्यूब (अलै.) हे अल्लाहचे प्रेषित होते, तरी ते व्याधीने ग्रासले होते. आपल्या वेदनेची हाक त्यांनी आपल्या पालनकर्त्याला दिली, याचा उल्लेख दिव्य कुरआनात सूरह अल-अंबियामध्ये आला आहे. प्रेषितांनाही जे भोगावे लागले, त्याची लाज आपण कशी बाळगावी?

तरीही आपल्या समाजात फिट आली की 'साया' झाला म्हणतात आणि मनाच्या आजाराची गोळी पाहिली की नमाज कमी पडते म्हणतात. अशा बोलण्याचा परिणाम काय होतो? कामावर कोणी पाहील म्हणून दुपारची गोळी टाळली जाते. बरे वाटू लागताच औषध परस्पर बंद केले जाते. अपस्माराची गोळी अचानक बंद केल्यास फिट परत येण्याचा धोका वाढतो. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडल्यास रोगजंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे (२:१९५). लोक काय म्हणतील या भीतीने औषध लपविणारा आणि चुकविणारा नेमके हेच करीत असतो. म्हणून मालकाला सांगावे की नाही हे ठरविताना लाज बाजूला ठेवली पाहिजे. लाजेने घेतलेला निर्णय बहुधा चुकीचा ठरतो, मग तो सांगण्याचा असो की न सांगण्याचा.

झाकण्याचा अधिकार

दुसरी गोष्ट ही की, आपला आजार ही आपली खाजगी बाब आहे आणि इस्लामने खाजगीपणाला मोठे संरक्षण दिले आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांच्या उणिवा हुडकण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई आहे (४९:१२). बैठकीत ऐकलेली गोष्ट ही अमानत असते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हजरत याकूब (अलै.) यांनी आपल्या लहानग्या मुलाला, हजरत यूसुफ (अलै.) यांना, त्यांचे स्वप्न भावांना सांगू नये अशी ताकीद दिली होती (१२:५). खरी असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे, असे इस्लाम म्हणत नाही. ज्याच्या हाती गोष्ट पडल्याने नाहक अपाय होईल, त्याच्यापासून ती राखून ठेवणे हा शहाणपणा आहे.

देशाचा कायदाही या बाबतीत रुग्णाच्या पाठीशी आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घालतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. एचआयव्ही व एड्स संबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार त्या आजाराची माहिती उघड करण्याची सक्ती कोणावर सहसा करता येत नाही आणि केवळ त्या आजारामुळे कामावरून काढणेही निषिद्ध आहे.

तेव्हा ज्या आजाराचा आणि औषधाचा आपल्या कामाशी संबंध पोहोचत नाही, त्याविषयी मौन राखण्यास आपण पूर्ण मोकळे आहात. थायरॉइडची गोळी घेणारा कारकून, रक्तदाब आटोक्यात असलेला शिक्षक, डॉक्टरांच्या सल्ल्याने मनाची गोळी घेऊन आपले काम चोख करणारी मुलगी, यांनी वरिष्ठांना काहीही सांगण्याची आवश्यकता नाही. सत्यवादी असणे म्हणजे आपली औषधाची पिशवी चौकात उघडी करणे नव्हे.

झाकण्याची मर्यादा

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू या. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग नमूद आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विचारणा केली असता विक्रेत्याने पाऊस पडल्याचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना ते दिसले असते? आणि जो फसवणूक करतो तो आमच्यापैकी नाही, असे त्यांनी सुनावले.

मोंढ्यात धान्याच्या राशी पाहिलेल्या जालनेकरांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु त्यातील एक बारकावा लक्षात घ्या. विक्रेत्याने आपल्या घरात किती कर्ज आहे, आपली पत्नी आजारी आहे की नाही, हे सांगितले नाही म्हणून त्याला दोष दिला गेला नाही. जे विकले जात होते, त्याच वस्तूतील दोष झाकला होता म्हणून त्याला दोष दिला गेला. म्हणूनच इस्लामी कायदेपंडितांनी विक्रीचा नियम सांगताना म्हटले की, वस्तूचे मोल किंवा उपयोग ज्यामुळे घटतो तो दोष सांगितलाच पाहिजे.

कामगार आपले श्रम आणि कौशल्य देतो व मजुरी घेतो. हाही एक करार आहे आणि करार पाळण्याचा आदेश सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवावे अशी शिफारस ज्या कन्येने आपल्या पित्याकडे केली, तिने उत्तम सेवकाचे दोन गुण सांगितले : तो सामर्थ्यवान असावा आणि विश्वासू असावा (२८:२६). आजारामुळे सामर्थ्य काही काळ कमी होऊ शकते. त्यावर आपला इलाज नसतो. परंतु सामर्थ्य कमी झाल्याचे वेळेवर सांगणे हे विश्वासूपणाचे काम आहे आणि ते सर्वस्वी आपल्या हाती आहे.

क्रेनच्या बाबतीत तर प्रश्न मालकाच्या नफ्यातोट्याच्याही पलीकडे जातो. स्वतःला अपाय होऊ देऊ नये आणि दुसऱ्यालाही अपाय करू नये, हे प्रेषितांचे (स.) वचन इस्लामी कायद्याचा एक आधारस्तंभ मानले जाते. खाली उभ्या असलेल्या सोबत्याने आपल्या आजाराची जोखीम पत्करलेली नाही. त्याला ती ठाऊकच नाही. आजार आपला आहे, तो झाकण्याचा अधिकारही आपला आहे. परंतु त्यातून निर्माण होणारी जोखीम जेव्हा दुसऱ्याच्या जिवावर येते, तेव्हा ती आपली खाजगी बाब उरत नाही. ती त्या दुसऱ्याची अमानत होते, आणि अमानती त्यांच्या हक्कदारांना सुपूर्द करा, असा अल्लाहचा आदेश आहे (४:५८).

आईचे म्हणणे आठवा. अल्लाह दोष झाकणारा आहे, हे निःसंशय खरे. त्याने आपली अब्रू झाकली, याबद्दल त्याचे आभार मानावेत. मात्र दुसऱ्याच्या मार्गातील खड्डा झाकून ठेवण्याला त्या कृपेचे नाव देता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले प्रश्नचिन्ह

ही मर्यादारेषा केवळ मदरशात किंवा मशिदीत सांगितली जाते असे नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराच्या प्रकरणात निकाल दिला. तो एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजूर होता. तपासणीत तो एचआयव्हीबाधित आढळला, म्हणून त्याला काम नाकारण्यात आले, वास्तविक काम करण्यास तो तंदुरुस्त होता. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून लढण्याची मुभा दिली. म्हणूनच तो खटला आजही 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या अक्षरांनीच ओळखला जातो. निकालाचा आशय असा होता की, आजाराच्या नावावरून कोणाला काम नाकारता येणार नाही. ती व्यक्ती आपले काम करू शकते का, आणि तिच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना खरोखर धोका आहे का, हे त्या व्यक्तीपुरते तपासून पाहिले पाहिजे.

या निकालातून मालकासाठी जी कसोटी निघते, तीच कसोटी कामगारानेही स्वतःला लावावी : मी हे काम करू शकतो का, आणि माझ्यामुळे इतरांना धोका आहे का? दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर मौन राखा. एकही उत्तर शंकास्पद असेल तर मौन सोडा. वाहन चालविण्याचा परवाना मागणाऱ्याला स्वतःच्या शारीरिक क्षमतेविषयी जे घोषणापत्र भरून द्यावे लागते, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणे याविषयी स्पष्ट विचारणा असते. ती याच कारणाने, कारण रस्त्यावर चालणाऱ्याचाही त्या उत्तरावर हक्क आहे.

शाळेची गाडी चालविणाऱ्या काकांनी म्हणून विचार करावा की, साखर अचानक उतरली तर मागे बसलेल्या मुलांचे काय होईल. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या भावजयीने डॉक्टरांना विचारावे की, आपल्यापासून संसर्ग होण्याची शक्यता किती दिवस आहे. योग्य औषध नियमित घेतल्यास ही शक्यता बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच पुष्कळ घटते. तेवढे दिवस काम थांबविणे हे तिचे कर्तव्य आहे. त्यानंतर आयुष्यभर तो शिक्का कपाळावर बाळगणे हे तिचे कर्तव्य नाही.

मौन आणि असत्य

येथे आणखी एक सीमारेषा लक्षात ठेवली पाहिजे. न सांगणे आणि खोटे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कामाशी संबंध नसलेल्या आजाराविषयी कोणी सहज विचारले, तर "अल्हम्दुलिल्लाह, कामात काही अडचण नाही" एवढे उत्तर सत्य आहे आणि पुरेसे आहे. कोणी खोदून विचारले, तर "हे माझ्यात आणि डॉक्टरांत राहू द्या" असे नम्रपणे म्हणता येते. परंतु कागदावर 'मला कोणताही आजार नाही, मी कोणतेही औषध घेत नाही' असे लिहून सही करणे हे असत्य आहे. कारखान्याच्या अर्जात असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर कारखान्याच्या डॉक्टरांनाच देण्याची परवानगी मागावी. मौनाने आपला अधिकार राखला जातो. असत्याने तो अधिकारही कलंकित होतो आणि उद्या खरे बोललो तरी कोणी विश्वास ठेवीत नाही.

सांगताना किती सांगावे, यालाही मर्यादा आहे. मालकाला आजाराचे नाव कळण्याची गरज नसते, त्याला कामावरील परिणाम कळण्याची गरज असते. "उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी मला इतके महिने उंचावर व आगीजवळ काम करण्यास मनाई केली आहे. जमिनीवरील कोणतेही काम मी करू शकतो," असे सांगणे आणि त्याच आशयाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र देणे बहुधा पुरेसे ठरते. ही गोष्ट जबाबदार व्यक्तीला एकांतात सांगावी. चहाच्या टपरीवर सोबत्यांना सांगू नये.

पोटाचा प्रश्न

आपण म्हणाल, हे सारे ठीक आहे, पण नोकरी गेली तर? बहिणीचा निकाह, घरभाडे, मुलांची फी यांचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावणे योग्य होणार नाही. निरुपायाने निषिद्ध गोष्टीही काही प्रमाणात अनुज्ञेय होतात, हे इस्लामी कायद्याचे तत्त्व आहे. जीव वाचविण्यासाठी सक्तीखाली कुफ्रचा शब्द उच्चारावा लागला आणि अंतःकरण ईमानवर स्थिर असेल, तर त्यालाही क्षमा आहे (१६:१०६). परंतु याच कायद्याचे पंडित एका ठिकाणी थांबतात : स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्या निरपराध माणसाचा जीव घेण्याची परवानगी कोणत्याही सक्तीत मिळत नाही, कारण दोन्ही प्राणांचे मोल सारखेच आहे. जिथे प्राणभयसुद्धा ही परवानगी मिळवून देऊ शकत नाही, तिथे पगाराची चिंता ती कशी मिळवून देईल?

जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी अल्लाह मार्ग काढतो आणि त्याला अनपेक्षित ठिकाणाहून उपजीविका देतो, असे सूरह अत-तलाकमध्ये आश्वासन आहे (६५:२-३). याचा अर्थ सत्य सांगितल्यावर हीच नोकरी टिकेल असा होत नाही. कदाचित ती जाईल, कदाचित पगार घटेल, कदाचित निकाह साधेपणाने करावा लागेल. ईमान बाळगणाऱ्याने ही शक्यता डोळ्यांपुढे ठेवूनच निर्णय घ्यावा. मार्ग निघेल हे वचन आहे. तो कोणता असेल, हे आपण ठरवीत नाही.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

आतापर्यंत सारा भार आजारी माणसावर टाकला गेला. तो एकट्याचा नाही. या मासिकाच्या वाचकांत दुकानदार आहेत, ठेकेदार आहेत, लहान कारखानदारही आहेत. त्यांनी प्रेषितांची (स.) ती शिकवण आठवावी की, तुमचे सेवक तुमचे बांधव आहेत, त्यांच्या शक्तीबाहेरचा भार त्यांच्यावर टाकू नका आणि टाकलाच तर त्यांना साहाय्य करा. क्रेनवरून उतरलेल्या माणसाला गोदामात, वजनकाट्यावर, नोंदवहीवर काम देता येते. जो मालक सत्य सांगणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवितो, तो उरलेल्या सर्वांना लपवायला शिकवितो. उद्या त्याच्या कारखान्यात अपघात झाला तर लपविणाऱ्याच्या दोषात त्याचाही वाटा असेल.

आणि आपण शेजारी, नातेवाईक, मशिदीच्या पहिल्या रांगेत उभे राहणारे? आपण त्या तरुणाला "खरे सांग, अल्लाह पाहत आहे" असा उपदेश करतो. उपदेश योग्यच आहे. परंतु खरे सांगितल्यावर त्याचा पगार घटला, तर मोहल्ल्याने काय केले? बिनव्याजी उसने कोणी दिले? बहिणीच्या सासरच्यांना "साधा निकाहच उत्तम" असे सांगायला कोण गेले? आणि त्याच्या आजाराची बातमी घरोघर पोहोचविणाऱ्याचे तोंड कोणी धरले? जो आपल्या बांधवावर पांघरूण घालतो त्याच्यावर अल्लाह पांघरूण घालील, ही शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. सत्याचा उपदेश करणाऱ्यांनी त्या सत्याची किंमतही थोडी वाटून घ्यावी, तरच तो उपदेश प्रामाणिक ठरेल.

आता पुन्हा त्या सकाळकडे वळू या. फजर झाली आहे, गोळी घेतली आहे, डबा हातात आहे. आज काय करावे? गोळी चुकवू नका. डॉक्टरांकडून, ही मनाई किती काळासाठी आहे आणि कोणते काम चालेल, हे लेखी घ्या. ते हाती येईपर्यंत क्रेनवर चढू नका, हवे तर तब्येतीचे कारण सांगून रजा घ्या, ते असत्य नाही. नंतर जबाबदार अधिकाऱ्याला एकांतात भेटा आणि कामाशी संबंध आहे तेवढेच, पण स्पष्ट सांगा. बोलण्यापूर्वी दोन रकअत नमाज अदा करून अल्लाहकडे साहाय्य मागा. घरी परतल्यावर आईला सांगा की, अल्लाहने आपली अब्रू झाकली आहे, आणि आपणही आज कोणाच्या तरी मुलाचा जीव राखला आहे.

अल्लाह आपल्यातील आजारी बंधू-भगिनींना आरोग्य देवो, त्यांना सत्य बोलण्याचे धैर्य देवो आणि आपल्याला ते सत्य ऐकून घेण्याचे व निभावून नेण्याचे औदार्य देवो. आमीन.